परभाषेच्या बाजारातली मूर्खलक्षणं

दासबोधाच्या दुसऱ्या दशकाची सुरुवात मूर्खलक्षणांनी होते आणि शेवट पढतमूर्खाच्या लक्षणांनी. पहिला न शिकलेला, दुसरा शिकून बसलेला. ऑनलाइन धंद्याच्या जगातही आता मूर्खलक्षणं ठरून गेली आहेत. परदेशातल्या, परभाषेतल्या गिऱ्हाइकापर्यंत माल न्यायचा म्हटलं, की कुठल्याही कार्यशाळेत ती ऐकायला मिळतात. मशीन जे काम फुकट करतं त्यासाठी माणसाला पैसे देणं हा मूर्खपणा. तीस भाषा हाताशी असताना एकीवरच थांबणं हा त्याहून मोठा. आपल्या मालाची खोड आपणच वेबसाइटवर लिहिणं, आलेल्या प्रत्येक ईमेलला त्या माणसाच्या भाषेत उत्तर देणं, माल परत घेण्याचा नियम ठळक अक्षरांत छापणं, ही तर धंदा बुडवायचीच लक्षणं.

ही सगळी लक्षणं अंगी असलेला एक माणूस मी गेलं वर्षभर जवळून पाहते आहे. मी पुण्यात जर्मनमधून मराठीत आणि मराठीतून जर्मनमध्ये भाषांतराचं काम करते. ते कोल्हापूरच्या चप्पल लाईनमध्ये दुकान चालवतात. त्यांच्या मूर्खपणाची स्तुती करण्यासाठी हा लेख आहे, आणि त्यातला शब्द न् शब्द मनापासूनचा आहे.

गोष्ट सुरू झाली २०२५च्या जूनमध्ये. मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाच्या मॉडेलांच्या पायांत कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या, कोल्हापूरचं नाव मात्र कुठेच नव्हतं. महाराष्ट्रात ओरड झाली, मग त्या कंपनीने या चपलांचं मूळ भारतीय कारागिरीत असल्याचं मान्य केलं. त्या दिवसांत या दुकानदारांच्या मुलाने एक गोष्ट टिपली. त्यांच्या इंग्रजी वेबसाइटवर जर्मनीतून माणसं येत होती, फोटो मोठे करून बघत होती आणि काही न घेता निघून जात होती. वडिलांनी मला फोन केला.

"मॅडम, पोरगं म्हणतंय मशीननं एका रात्रीत तीस भाषांत होतंय. फुकटात. करू का?"

मी म्हटलं, आधी मशीनचं जर्मन मला पाठवा. त्यांनी एका जोडाचं पान पाठवलं. मूळ मजकुरात लिहिलं होतं की नवी चप्पल पहिले दोन दिवस चावते, म्हणून अंगठ्याला आणि कानांना आतून खोबरेल तेल लावावं. कोल्हापुरी घालणाऱ्याला यात समजावून सांगण्यासारखं काही नाही. अंगठा म्हणजे पायाचा अंगठा ज्यात अडकतो ते वेटोळं, आणि कान म्हणजे पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना खाली येणारे चामड्याचे पदर. जर्मन मजकूर मात्र सांगत होता, की ही चप्पल माणसाला चावते, आणि म्हणून हाताच्या अंगठ्याला आणि कानांना आतून तेल लावावं. मी तो त्यांना परत मराठी करून वाचून दाखवला. पलीकडे थोडा वेळ शांतता.

"म्हणजे मी त्या बाईला कानात तेल घालायला सांगितलं व्हय?"

त्यानंतर त्यांनी जे ठरवलं ते पहिलं मूर्खलक्षण. "एकच भाषा करू. पण नीट करू. काय पैसे होतील ते सांगा."

मशीनवर माझा राग नाही. मी स्वतः ते रोज वापरते. गूगलच्या भाषांतरात मराठी २०१३ साली आली आणि तेव्हापासून आजवर ते कितीतरी सुधारलं आहे. पण मराठीत अंगठा हाताचाही असतो, पायाचाही आणि चपलेचाही. जर्मनमध्ये हाताचा तो 'डाउमन' आणि पायाचा तो 'ग्रोसर त्से', म्हणजे सरळ मोठं बोट. तिसऱ्या अंगठ्याला तर तयार शब्दच नाही, तो वर्णन करून सांगावा लागतो. यातला कुठला अंगठा कुठे बसतो हे ठरवायला ती चप्पल कधीतरी पायात घातलेली असावी लागते. एवढाच मुद्दा आहे आणि तो लहान नाही. अ‍ॅमेझॉनसारख्या कंपनीने ऑक्टोबर २०२०मध्ये स्वीडनमध्ये दुकान उघडलं तेव्हा मशीनने केलेल्या भाषांतरामुळे साध्या घरगुती वस्तूंच्या नावांत अश्लील शब्द उमटले, आणि देश निवडण्याच्या जागी स्वीडनऐवजी अर्जेंटिनाचा झेंडा लागला होता. त्या कंपनीला पैशांची चणचण नव्हती. ते दुकान उघडण्याआधी शांतपणे वाचून बघणारा एक स्वीडिश माणूस तेवढा कमी पडला.

आता दुसरं लक्षण, एकाच भाषेवर थांबण्याचं. शहाणा म्हणेल, फ्रेंच फुकट, स्पॅनिश फुकट, जपानी फुकट, मग दार बंद का ठेवायचं? पण एखाद्या भाषेत दुकानाची पाटी लावणं म्हणजे त्या भाषेत बोलण्याचं वचन देणं. जर्मन पान वाचून आलेली बाई जर्मनमध्येच विचारते, की माझा पाय रुंद आहे, कुठला जोड घेऊ? तिला इंग्रजीत उत्तर गेलं, की पाटी खोटी होती हे तिला कळतं. तीस भाषांच्या पाट्या लावणारा एकोणतीस भाषांत मुका असतो. चप्पल लाईनमध्ये अशी पाटी कुणी लावत नाही. दुकानात नाही तो माल बाहेर टांगला, तर गिऱ्हाईक दुसऱ्यांदा पायरी चढत नाही, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

लोकांना आपली भाषा किती हवी असते हे आपल्याला दुसऱ्याने सांगायची गरज नाही. अ‍ॅमेझॉनवर मराठीत खरेदी करता येऊ लागली ती सप्टेंबर २०२१मध्ये, आणि तोवर त्यासाठी किती मागणी आणि भांडण झालं ते सगळ्यांनी पाहिलं आहे. तीच गोष्ट जगभर आहे. सीएसए रिसर्च या संस्थेने २०२०मध्ये २९ देशांतल्या ८,७०९ ग्राहकांना विचारलं, तेव्हा ७६ टक्के लोक म्हणाले की वस्तूची माहिती आपल्या भाषेत असेल तर तीच घेणं आम्ही पसंत करतो. ४० टक्के म्हणाले, दुसऱ्या भाषेतल्या वेबसाइटवरून आम्ही कधीच काही घेत नाही. इंग्रजी येणाऱ्या माणसालाही पैसे मोजताना, नियम वाचताना, तक्रार करताना आपली भाषा हवी असते. आपण बँकेत तेच करतो. मग हाम्बुर्गच्या बाईने वेगळं का वागावं?

मला या धंद्यातल्या मूर्खांचा मूळपुरुष कोण असं कुणी विचारलं, तर मी फादर थॉमस स्टीफन्सचं नाव घेईन. हा इंग्रज जेझुइट १५७९मध्ये गोव्यात उतरला. त्याला जे सांगायचं होतं ते लॅटिनमध्ये किंवा पोर्तुगीजमध्ये सांगून वर दुभाषा बसवता आला असता. त्याने मराठी शिकून घेतली आणि ती नुसती बोलण्यापुरती नव्हे. आपल्या लोकांच्या कानाला ओवी गोड लागते हे ओळखून त्याने सुमारे अकरा हजार ओव्यांचं ख्रिस्तपुराण रचलं. ते १६१६मध्ये राशोलला छापलं गेलं, तेही रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळे तिथे नव्हते. गोव्यात उतरण्यापासून छापण्यापर्यंत सदतीस वर्षं. धर्माची आणि सत्तेची चर्चा वेगळी आहे आणि ती व्हायलाच हवी. पण समोरच्याच्या दारात जाताना त्याचा शब्द, त्याचा छंद, त्याचं पुराण समजून घेतलं पाहिजे, हे त्याला कळलं होतं. म्हणूनच चारशे वर्षांनीही मराठी माणूस ते पुस्तक आपलं म्हणून वाचतो.

तिसरं लक्षण शब्द शोधण्याचं. हे मूर्ख लोक वेबसाइटचं भाषांतर करण्याआधीच काही आठवडे वाया घालवतात आणि त्या देशातलं गिऱ्हाईक ही वस्तू कुठल्या नावाने शोधतं ते हुडकत बसतात. इंग्रजी पानावर होतं, 'शुद्ध लेदर, हँडमेड, बेस्ट क्वालिटी'. जर्मनीत यातलं काही कुणी शोधत नाही. बोटांमध्ये पट्टा असलेल्या चपलेला ते 'त्सेएनट्रेनर' म्हणतात, म्हणजे बोटं वेगळी करणारी. इटालियन माणूस म्हणतो 'इन्फ्रादितो', म्हणजे बोटांच्या मधली. जपानी माणसाच्या पायाला असा पट्टा शेकडो वर्षांपासून माहीत आहे, त्याच्या झोरी नावाच्या चपलेत या पट्ट्याला 'हानाओ' म्हणतात. वस्तू जवळजवळ एकच, पण तिच्याकडे जाणारी वाट प्रत्येक भाषेत वेगळ्या दारातून निघते. भाषांतर त्या दारापर्यंत नेत नाही. तिथे विचारत विचारतच जावं लागतं.

या विचारपुशीतून एक गोष्ट हाती लागली, ती सांगताना मला अजून आनंद होतो. चामडं घेणारा जर्मन माणूस दोन शब्द हमखास शोधतो. एक 'क्रोमफ्राय', म्हणजे क्रोमियम न वापरता कमावलेलं, आणि दुसरा 'फ्लान्त्सलिश गेगेर्प्ट', म्हणजे वनस्पतींनी कमावलेलं. क्रोमियमच्या एका घातक प्रकाराने त्वचेला त्रास होतो, म्हणून युरोपीय संघाने १ मे २०१५पासून अंगाला लागणाऱ्या चामड्यात त्याचं प्रमाण किलोमागे ३ मिलिग्रॅमच्या आत ठेवायचा नियम केला आहे. मी दुकानदारांना विचारलं, तुमचं चामडं कसं कमावतात? ते म्हणाले, "बाभळीची साल आणि हिरडा. त्यात काय सांगायचं? आज्जापासून तसंच हाय." आज्जापासून तसंच होतं म्हणून ते कुणाला सांगावंसं वाटलंच नव्हतं, आणि नेमकं तेच वाचायला ती माणसं येत होती. आता ते पानाच्या पहिल्या ओळीत आहे. त्याच्या शेजारी लिहिलं आहे, की तळ आणि पट्टे चामड्याच्याच वादीने शिवलेले आहेत, खिळा कुठेही नाही.

नाव मात्र आम्ही भाषांतरित केलं नाही. 'कोल्हापुरी' हा शब्द जर्मन पानावरही कोल्हापुरीच आहे, आणि खाली दोन वाक्यांत कोल्हापूर कुठे आहे, २०१९मध्ये या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून, हे सांगितलं आहे. शहाण्यांचा सल्ला होता, की 'भारतीय चामड्याची सॅंडल' लिहा, लवकर कळेल. लवकर कळेल हे खरं, पण मिलानमध्ये जे झालं ते याच वाटेने झालं. परक्या भाषेत आपल्या वस्तूला आपण नाव दिलं नाही, की दुसरं कुणी देतं, आणि मग ते नाव आपल्याला परत मागावं लागतं. कापशी, पायटाण, कचकडी, बक्कलनाळी हे प्रकारही तसेच ठेवले आहेत. ज्याला 'एस्प्रेसो' आणि 'किमोनो' म्हणता येतं, त्याला 'कापशी' म्हणता येईल.

चौथं लक्षण सगळ्यांत अवघड होतं, मालाची खोड सांगण्याचं. मुलगा म्हणाला, चावण्याचं वाक्यच काढून टाका, म्हणजे प्रश्न मिटला. वडील म्हणाले, "चावतीया तर सांगायला नको?" चप्पल चावते हे मराठीत तक्रार म्हणून कुणी म्हणत नाही. नव्या जोडाची ती रीतच आहे. पण जर्मनमध्ये ते कसं सांगायचं? तिथे जोडा चावत नाही, दाबतो. त्यासाठी 'ड्र्युकन' हे क्रियापद आहे आणि माणसाचं नेमकं दुखणं विचारायलाही जर्मन लोक जोडा कुठे दाबतो असंच विचारतात. आणि नवा जोडा वापरून वापरून पायाजोगा करण्याला त्यांच्याकडे एक शब्दच आहे, 'आइनलाउफन', म्हणजे चालून चालून आत बसवणं. तो शब्द सापडला त्या दिवशी मी कोल्हापूरला फोन केला. कोल्हापुरीबद्दल जे सांगायचं होतं ते सगळं त्या भाषेत आधीपासून होतंच. पानावर आता असं आहे, की हे चामडं जाड आणि कडक असतं, पहिले काही दिवस दाबेल, घरात रोज थोडा वेळ घालून चाला, आतून तेल लावा, मग ते तुमच्या पायाचा आकार घेईल. एकही शब्द लपवलेला नाही, आणि वाचणाऱ्याला त्यात भीती वाटण्यासारखंही काही नाही.

मापाचंही असंच. आपल्याकडचा ८ नंबर तिकडे ४२ होतो. युरोपातला नंबर दोन तृतीयांश सेंटिमीटरने वाढतो, जपानमध्ये पायाची लांबीच सेंटिमीटरमध्ये सांगतात. तक्ता कुठेही मिळतो, पण कोल्हापुरीचा पंजा रुंदीत वेगळा असतो आणि तक्त्यात रुंदी नसते. म्हणून दुकानदारांनी जुनी पद्धत वेबसाइटवर आणली. कागदावर पाय ठेवा, पेन्सिल उभी धरून कडेने रेघ मारा आणि त्याचा फोटो पाठवा. ही सूचना जर्मनमध्ये चार ओळींची आहे आणि ती लिहायला मला पूर्ण एक सकाळ लागली. पेन्सिल उभी धरा हे नीट सांगितलं नाही, तर रेघ पायाखाली सरकते आणि जोड अर्ध्या नंबराने लहान होतो.

पाचवं लक्षण कायद्याचं, ते थोडक्यात सांगते कारण ते रुक्ष आहे, पण गिऱ्हाइकाचा विश्वास तिथेच ठरतो. जर्मन माणूस नव्या दुकानात आला, की आधी तळाशी 'इम्प्रेसुम' आहे का ते बघतो. मालकाचं नाव, पत्ता, संपर्क असलेलं ते पान तिथे कायद्याने लागतं. ऑनलाइन घेतलेला माल १४ दिवसांत कारण न देता परत करण्याचा हक्क संपूर्ण युरोपीय संघात आहे. १ जुलै २०२१पासून तिकडे जाणाऱ्या स्वस्तातल्या पार्सलचीही व्हॅटमधून सुटका राहिलेली नाही, त्याआधी २२ युरोंपर्यंत ती होती. १५० युरोंपर्यंतच्या मालावर हा कर विक्रीच्या वेळीच घेऊन भरण्याची सोय आहे. ती केली नाही, तर टपालवाला दारात येऊन गिऱ्हाइकाकडे वरचे पैसे मागतो. १३ डिसेंबर २०२४पासून मालाच्या सुरक्षिततेची जबाबदारी घेणारा एक प्रतिनिधी युरोपीय संघात असावा लागतो. शहाणे यातलं शक्य तेवढं टाळतात किंवा बारीक अक्षरांत ढकलतात. आमच्या दुकानदारांनी प्रत्येक गोष्ट विचारली, त्यासाठी पैसे मोजले आणि करासकटची किंमत एकाच आकड्यात लिहिली, तीही त्यांच्या पद्धतीने, दशांशाच्या जागी स्वल्पविराम देऊन. "दारात जाऊन जादा पैसं मागायचं म्हणजे चोरीच की," असं त्यांचं म्हणणं.

पहिल्या वर्षाचा हिशेब मांडला तर शहाण्यांचं पारडं जड आहे, हे मी कबूल करते. एका भाषेवर जो पैसा आणि जे महिने गेले, त्यात तीस भाषांची तीस पानं उभी राहिली असती. जर्मनीला महिन्याकाठी सहा-सात जोड जातात, कधी त्याहून कमी. काही परतही आले. पण आलेलं गिऱ्हाईक पत्र लिहितं, प्रश्न विचारतं, बहिणीसाठी दुसरा जोड मागवतं. परभाषेतल्या माणसाला आपला माल विकणं म्हणजे काय, याचं माझ्याकडे आता एकच उत्तर आहे. त्याच्या भाषेत त्याचं ऐकून घ्यायची तयारी असली तरच त्याच्या भाषेत बोलावं. ही तयारी महाग आहे, संथ आहे आणि मशीनकडून उसनी घेता येत नाही. व्यापाराच्या जगाने तिला मूर्खपणा म्हटलं असेल, तर तो मूर्खपणा शिकवण्याचे वर्ग गावोगावी निघायला हवेत.

गेल्या महिन्यात दुकानदारांचा फोन आला. आवाजात घाई होती. जर्मनीतल्या एका बाईने परत पाठवलेल्या जोडाबरोबर आपल्या पायाची नवी रेघ काढून पाठवली होती आणि करंगळीजवळ पेनाने एक गोल करून शेजारी एक शब्द लिहिला होता. त्यांनी तो अक्षर अक्षर लावून वाचला.

"मॅडम, हितं ड्र्युक्ट लिवलंय. म्हणजे करंगळीला चावतंय न्हवं?"

मी हो म्हणेपर्यंत त्यांनी कारागिराला हाक मारली होती. बाहेरचा पट्टा अर्धा बोट मोठा कापायला सांगत होते.